टर्बो गाडीचा एक्झॉस्ट मोकळा करायचा आहे, पण आवाज वाढायला नको

प्रश्न : माझ्याकडे दोन लिटरची, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. कंपनीच्या आकड्यानुसार ताकद २०० अश्वशक्ती आहे आणि ती २४०च्या आसपास न्यावी, अशी इच्छा आहे. पण मी रोज पहाटे साडेपाचला घराबाहेर पडतो, शेजार झोपलेला असतो आणि लांबच्या प्रवासात मागच्या सीटवर दोन लहान मुले असतात. त्यामुळे गाडीचा आवाज आहे त्याहून फारसा वाढलेला मला चालणार नाही. एक मेकॅनिक म्हणतो, ‘कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि सायलेन्सर काढून सरळ तीन इंची पाइप टाका’. दुसरा म्हणतो, ‘इंजिनाला थोडे बॅकप्रेशर (एक्झॉस्टमधला उलटा दाब) लागतेच, एक्झॉस्टला हात लावू नका’. कोणाचे ऐकावे? आणि शांत राहून ताकद वाढणे मुळात शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, आणि टर्बो गाडीत ते साध्या इंजिनाच्या गाडीपेक्षा सोपे आहे. तुमच्या दोन्ही मेकॅनिकांपैकी कोणाचेही पूर्ण ऐकू नका. पहिल्याने अडथळा काढायला सांगितले ते बरोबर आहे, पण कोणता अडथळा काढायचा हे त्याला ठरवता आलेले नाही. दुसऱ्याने जे सांगितले ते टर्बो नसलेल्या इंजिनांबद्दलच्या एका खऱ्या गोष्टीचे बिघडलेले रूप आहे. त्या इंजिनांत पाइपची लांबी आणि जाडी नेमकी असेल, तर एका सिलिंडरमधून सुटलेला वायूचा ठोका पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. पाइप फार रुंद केला की हा मेळ मोडतो आणि खालच्या आरपीएमला ओढ कमी होते. लोकांनी त्याचा अर्थ ‘बॅकप्रेशर हवे’ असा लावला. प्रत्यक्षात बॅकप्रेशर कोणत्याच इंजिनाला नको असते, आणि टर्बाइनच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या, पलीकडे तर ठोक्यांचा तो मेळही फारसा उरत नाही, कारण टर्बाइनच्या पात्यांनी ठोके आधीच फोडलेले असतात.

टर्बोच्या बाबतीत प्रश्न दाबाच्या गुणोत्तराचा आहे, आणि तो आकड्यांत पाहिला की चटकन कळतो. टर्बाइन फिरते ते तिच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्या गुणोत्तरावर. समजा, पूर्ण थ्रॉटलला टर्बाइनच्या अलीकडे ३०० किलोपास्कल दाब आहे आणि पलीकडे, म्हणजे डाउनपाइपमध्ये (टर्बोला लागून असलेल्या पहिल्या पाइपात), १४० आहे. वातावरणाचा दाब साधारण १०० धरला, तर मागच्या पाइपांचा अडथळा ४० किलोपास्कलचा झाला, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत जवळपास ६ पीएसआय. गुणोत्तर येते सुमारे २.१४. आता मागचा मार्ग मोकळा करून पलीकडचा दाब ११० वर आणला, तर तेच गुणोत्तर मिळवायला अलीकडे २३६ किलोपास्कल पुरतात. टर्बाइनमागे ३० किलोपास्कल वाचले आणि इंजिनाच्या तोंडाशी तब्बल ६४ वाचले. पिस्टनला धूर बाहेर ढकलायला तेवढे कमी कष्ट पडतात, सिलिंडरमध्ये गरम धूर कमी उरतो, नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटण्याचा) धोका घटतो आणि टर्बो लवकर जागा होतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. पण टर्बाइनमागचा अडथळा इंजिनापर्यंत पोहोचताना वाढून पोहोचतो, हे कोणत्याही टर्बो गाडीत खरे आहे.

आवाजाची गोष्ट मात्र स्वतंत्र आहे, आणि माझ्या साऱ्या उत्तराचा आधार हाच आहे. मोकळी वाट आणि शांतता ही एकाच दोरीची दोन टोके आहेत असे समजून लोक एक मिळवण्यासाठी दुसरी सोडतात. अडथळा बहुतेक वेळा टर्बाइनपासूनच्या पहिल्या मीटर-दीड मीटरमध्ये असतो, कारण तिथे वायू सर्वांत गरम, म्हणून सर्वांत फुगलेला आणि सर्वांत वेगवान असतो, आणि नेमके तिथेच तीव्र वळण, वेस्टगेटचे (जादा वायू टर्बाइनच्या बाजूने सोडणाऱ्या झडपेचे) तोंड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दाटीवाटीने बसवलेले असतात. शांतता मिळते ती त्यापुढच्या लांब, थंड होत गेलेल्या भागात, जिथे सायलेन्सरला जागा असते. म्हणून पैसे पुढे खर्च करा, आवाजाची काळजी मागे घ्या, आणि दोन्हीची सरमिसळ करू नका.

काहीही कापण्याआधी एकदा मोजून घ्या. डाउनपाइपमध्ये कॅटच्या अलीकडे ऑक्सिजन सेन्सरचे आटे असतात. सेन्सर तात्पुरता काढून तिथे आट्यांचा ॲडॉप्टर बसवा, त्याला मीटरभर तांब्याची बारीक नळी जोडा म्हणजे उष्णता तिथेच विरते, आणि पुढे रबरी नळीने साधा दाबमापक लावा. बंद किंवा सुरक्षित रस्त्यावर, किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या आरपीएमला काटा कुठे जातो ते सोबत्याला वाचायला सांगा. सेन्सर काढलेला असताना गाडी इंधन अंदाजाने देते, त्यामुळे एक-दोन छोट्या फेऱ्यांपलीकडे हे लांबवू नका. कॅटच्या मागच्या सेन्सरच्या जागी दुसरे मोजमाप घेतले, तर एकट्या कॅटने किती दाब खाल्ला तेही वजाबाकीने मिळते. काटा दीड-दोन पीएसआयच्या आत राहिला, तर एक्झॉस्ट बदलून तुम्हाला नवा आवाज आणि रिकामे पाकीट यापलीकडे फारसे काही मिळणार नाही. तुमची अडचण मग इंटरकूलर, टर्बोचा आकार किंवा संगणकातल्या मर्यादा यांत आहे. पाच-सहा पीएसआय दिसले, तर पुढे वाचा.

पहिला बदल डाउनपाइपचा. टर्बोच्या मागच्या बाजूला दोन वाटा उघडतात : एक टर्बाइनची आणि दुसरी वेस्टगेटची. कंपनीच्या ओतीव तुकड्यात वेस्टगेटमधून सुटलेला झोत टर्बाइनमधून गिरक्या घेत येणाऱ्या वायूला जवळजवळ आडवा येऊन धडकतो, आणि त्या भोवऱ्यात दाब वाया जातो. चांगल्या डाउनपाइपचे तोंड घंटेसारखे पसरट असते, म्हणजे दोन्ही प्रवाहांना एकत्र व्हायला जागा मिळते. काहींत वेस्टगेटची वाट काही अंतर वेगळी ठेवून मग तिरकी जोडलेली असते. दुसरा प्रकार कागदावर सरस दिसतो, पण मधली पातळ भिंत सततच्या ताप-थंडीने तडकते, असा माझा अनुभव आहे. रोजच्या गाडीला मी पसरट तोंडच निवडेन.

आता कॅट. ती काढू नका. ती काढणे बहुतेक देशांत बेकायदा आहे, हे एक कारण झाले. दुसरे असे की ती स्वतः एक उत्तम ध्वनिशोषक आहे. तिच्यातल्या शेकडो बारीक नळ्यांतून जाताना वायूचे ठोके सपाट होतात, आणि ती काढली की जो कर्कश, पत्रा फाटल्यासारखा आवाज येतो तो मागे दोन सायलेन्सर लावूनही पुरता जात नाही. शिवाय मागच्या ऑक्सिजन सेन्सरला फरक कळतो, इंजिनाचा दिवा लागतो आणि पेट्रोलच्या उग्र वासाने तुमची मुले आधी तक्रार करतील. उपाय आहे तो मोठ्या व्यासाच्या, विरळ जाळीच्या कॅटचा. कंपनीच्या कॅटमध्ये दर चौरस इंचाला ४०० ते ६०० छिद्रे असतात. मोकळ्या कॅटमध्ये २०० किंवा ३००. मी तुम्हाला धातूच्या गाभ्याची ३०० छिद्रांची सुचवतो, कारण २००च्या कॅटने दाबात जी आणखी बचत होते ती थोडी, आणि प्रदूषण चाचणीत नापास होण्याची भीती मोठी. गाडी अलीकडची असून तिच्यात धुरातले बारीक कण अडवणारा फिल्टर असेल, तर तो जागच्या जागी राहू द्या आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा मार्गच तेवढा सुधारा.

इथे एक धोका आधीच सांगायला हवा, कारण तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो. टर्बाइनमागचा दाब उतरला की टर्बाइन आधीपेक्षा जोमाने फिरते, आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) ठरलेल्या आकड्यावर रोखायचा तर वेस्टगेटला आधीपेक्षा जास्त वायू बाजूने सोडावा लागतो. वेस्टगेटचे भोक लहान असेल, तर ती पूर्ण उघडूनही पुरत नाही, आणि वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो. थंड हवेच्या दिवशी हा त्रास अधिक जाणवतो. म्हणून डाउनपाइप बसवल्यावर पहिल्या दिवशी पूर्ण थ्रॉटल देऊ नका. गाडीच्या संगणकाला दोष तपासणारे यंत्र (स्कॅनर) जोडून मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांच्या रेषा शेजारी शेजारी पाहा. त्या शेवटपर्यंत एकमेकींना चिकटून राहिल्या, तरच पुढे जा.

आणि ताकदीबद्दल : नुसत्या पाइपांनी २००चे २४० होणार नाहीत. आधुनिक गाडीचा संगणक ठरावीक टॉर्क मागतो आणि तो मिळाला की थ्रॉटल व वेस्टगेट आवरते घेतो. मोकळ्या एक्झॉस्टचा फायदा मग टर्बो लवकर जागा होण्यात आणि वरच्या आरपीएमला दम टिकण्यात दिसतो. उरलेली अश्वशक्ती ट्यूनमधून, म्हणजे संगणकातल्या मर्यादा बदलून, येते. मात्र तोच ट्यून कंपनीच्या चिंचोळ्या डाउनपाइपवर केला असता तर टर्बाइनच्या अलीकडचा दाब आणि तापमान धोक्याच्या दिशेने गेले असते. मोकळ्या मार्गावर तो सुखाने चालतो. ट्यून करणाऱ्याला गाडीत काय बदलले आहे ते आधी सांगा, आणि तो न विचारताच तयार फाइल टाकायला निघाला तर दुसरा शोधा.

व्यासावरून फार वाद होतात. अडीच इंची पाइप म्हणजे साधारण ६३ मिलिमीटर, तीन इंची म्हणजे ७६. क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते, आणि सरळ पाइपातले घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने घटत असल्यामुळे दाबाची हानी निम्म्याहूनही खाली येते. हे वाचून सगळीकडे तीन इंची टाकावासा वाटेल, पण वायू मागे जाता जाता थंड होतो. ८०० अंश सेल्सिअसचा वायू ४०० अंशांवर आला की त्याचे आकारमान ३५ टक्क्यांहून अधिक आकसते. मग मागे तेवढ्या रुंदीची गरजच राहत नाही. उलट रुंद पाइपाला सायलेन्सरही मोठा लागतो, तो गाडीखाली लोंबतो, गतिरोधकावर घासतो, आणि पाइपच्या भिंती पातळ असतील तर त्या स्वतःच पिंपासारख्या वाजतात. २४० अश्वशक्तीसाठी मी टर्बोपासून कॅटपर्यंत तीन इंची आणि तिथून शेवटपर्यंत अडीच इंची पाइप घेईन. मधला बदल एकदम पायरीसारखा न करता १०-१५ सेंटिमीटरच्या निमुळत्या तुकड्याने करून घ्या.

आता तुमच्या पहाटेच्या साडेपाचकडे वळतो. सायलेन्सर मुख्यतः दोन प्रकारे काम करतो. एकात वायूला कप्प्यांमधून, उलटसुलट वळवत नेतात. लाटा एकमेकींवर आदळून विरतात आणि खालचा, जाड आवाज छान दबतो, पण वायूलाही तोच वळसा पडतो. दुसऱ्यात छिद्रे पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतू किंवा बेसाल्ट तंतूंचा थर दाबून भरलेला असतो. वायू सरळ निघून जातो, आवाज मात्र छिद्रांतून आत शिरून तंतूंमध्ये उष्णता होऊन संपतो. या दुसऱ्या प्रकारात नळीचा व्यास पाइपाइतकाच असेल, तर अडथळा सरळ पाइपाहून थोडाच अधिक असतो. शांतता अवलंबून असते ती पेटीच्या लांबीवर आणि आकारमानावर. बाजारात चकचकीत, ३० सेंटिमीटरची, डब्यासारखी सायलेन्सरे दिसतील. ती दिखाऊ आहेत. तुम्ही मध्यभागी ५० सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा एक सरळ रेझोनेटर (मधला सायलेन्सर) घ्या आणि मागे गाडीत मावेल तेवढा मोठा सरळ सायलेन्सर. एक मोठा घेण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या लांबीचे एकामागोमाग घेणे बरे, कारण प्रत्येकाचा दबलेला आणि निसटलेला आवाज वेगळा असतो. टर्बाइन आणि कॅट यांनी वरचा कर्कशपणा आधीच बराच खाल्लेला असल्याने, साध्या इंजिनाच्या गाडीत जी जोडी मध्यम आवाज देते तीच तुमच्या गाडीत जवळपास मूळच्या पातळीला येते.

राहते ती घुमघुम, आणि तुमच्या मुलांची झोप मोडेल ती हीच. माझ्या एका जुन्या गाडीला मी हौसेने मागे एकच मोठा सरळ सायलेन्सर लावून घेतला होता. उभ्या गाडीत आवाज सुरेख, गल्लीत कोणी मान वळवून पाहिले नाही, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात २७०० आरपीएमला छतापासून पायाखालच्या पत्र्यापर्यंत सगळे असे घुमायला लागले की तासाभरात डोके दुखू लागले. कारण साधे आहे. चार सिलिंडरच्या चार स्ट्रोकच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. २७०० फेऱ्यांना मिनिटाला ५४०० स्फोट, म्हणजे सेकंदाला ९०. हा ९० हर्ट्झचा सूर तंतूंच्या थराला दाद देत नाही, कारण त्याची लाट काही मीटर लांब असते, आणि गाडीच्या आतल्या पोकळीला नेमका असलाच सूर आवडतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. मुख्य पाइपाला त्याच व्यासाची, शेवटी बंद असलेली एक बाजूची नळी जोडायची. लाट तिच्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि नळीची लांबी लाटेच्या एक चतुर्थांश असेल तर ती बरोबर उलटी होऊन मुख्य लाटेला भेटते व दोघी एकमेकींना मारतात. वायू तिच्यातून वाहतच नसल्यामुळे ताकदीला धक्का नाही. लांबी काढायला ध्वनीचा वेग लागतो, आणि तो तापमानावर ठरतो : २५० अंशांच्या वायूत तो सेकंदाला सुमारे ४५८ मीटर असतो, तेव्हा ९० हर्ट्झसाठी लांबी येते १.२७ मीटर. पण बंद नळीत साचलेला वायू मुख्य पाइपातल्यापेक्षा थंड असतो. तो १०० अंशांचा धरला तर हीच लांबी १.०८ मीटरपर्यंत उतरते. म्हणून वेल्डिंग करणाऱ्याला नळी आधी १.२५ मीटरची करायला सांगा, टोकाचे बूच क्लॅम्पने तात्पुरते बसवा, गाडी पूर्ण तापवून चालवा आणि घुमघुम सर्वांत कमी होईपर्यंत दोन-दोन सेंटिमीटर कापत जा. मगच बूच पक्के करा. मी माझ्या गाडीत १.१४ मीटरवर थांबलो. तुमचा त्रासाचा आरपीएम वेगळा असेल, तो आधी नेमका टिपून घ्या.

आवाज नुसता हवेतून नाही, पत्र्यातूनही येतो, हे विसरू नका. लोंबत्या रबरांच्या जागी कडक पॉलियुरेथेनची रबरे घालण्याचा मोह होतो. ती पाइप स्थिर धरतात आणि प्रत्येक थरथर सीटखाली पोहोचवतात. कंपनीची मऊ रबरेच नवी घ्या, आणि डाउनपाइपनंतरचा लवचिक जाळीदार तुकडा वगळू देऊ नका. वळणे एकसारख्या व्यासाची असावीत. दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो आणि तुम्ही पैसे दिलेला व्यास तिथेच हरवतो. गॅस्केटही हातात घेऊन पाहा. एकदा एका गाडीचा ६३ मिलिमीटरचा जोड उघडला, तर गॅस्केटची कड सगळीकडून तीन-तीन मिलिमीटर आत आलेली. म्हणजे वाट ५७ मिलिमीटरची, क्षेत्रफळात १८ टक्के घट, आणि ती कड शिटीसारखी वाजत होती ते वेगळेच. मागची टोके दोन असोत की चार, ताकदीशी त्यांचा काही संबंध नाही.

बटणावर उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी नक्की सुचवेल. बंद असताना तो शांत असतो, हे खरे. मात्र त्याची पाकळी काजळीने आणि गंजाने अडकते, आणि अडकली की मध्येच कुठेतरी खुळखुळत राहते. सरळ सायलेन्सरांची जोडी आणि बाजूची नळी यांनी काम होत असताना हलणारा भाग मी वाढवणार नाही.

शेवटची गोष्ट मोजणीचीच. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा आवाज मोजा : उभ्या गाडीच्या चाचणीत मायक्रोफोन पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात, तोंडाच्याच उंचीला धरतात. फोनवरचे ॲप अचूक आकडा देणार नाही, पण एकाच फोनने, एकाच जागी, एकाच आरपीएमला घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक विश्वासार्ह असतो. दोन-तीन डेसिबलची वाढ शेजाऱ्यांना जाणवणारही नाही. दहाची झाली तर कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. तयार सायलेन्सर घेणार असाल, तर त्यावर तुमच्याकडे चालणारी मान्यतेची खूण आहे का ते पाहा. अनेक देशांत त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ५९ वापरला जातो. थंड इंजिन सुरू होताना संगणक कॅट तापवण्यासाठी आरपीएम मुद्दाम चढा ठेवतो, त्यामुळे दोन्ही मोजमापे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर, पहाटे साडेपाचलाच घ्या. ५०० किलोमीटर झाल्यावर सगळे क्लॅम्प गाडी थंड असताना पुन्हा आवळा, आणि सायलेन्सरच्या पोटाला खालून बारीक छिद्र दिसले तर ते बुजवू नका, साचलेले पाणी तिथूनच निघते.